जनरल अरुणकुमार वैद्य : १० ऑगस्टला आठवतं ते एवढंच?

कामठीकर | १० ऑगस्ट, सकाळी ७:१२

१९८६ साली आजच्याच तारखेला, रविवारी, पुण्यात जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य यांचा खून झाला. ३१ जानेवारीला लष्करप्रमुख पदावरून निवृत्त झाले होते, म्हणजे जेमतेम सहा महिने. वय साठ. बाजारातून घरी परतताना मारुती स्वतःच चालवत होते, शेजारी पत्नी बसलेल्या. मोटरसायकलवरून आलेल्यांनी खिडकीजवळून गोळ्या झाडल्या.

सकाळपासून व्हॉट्सॲपच्या तीन गटांत एकच फोटो फिरतोय. खाली विनम्र अभिवादन आणि दोन ओळी : ब्लू स्टारच्या (जून ८४ मधल्या सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईच्या) वेळचे लष्करप्रमुख, पुण्यात हत्या. संपलं. १९४५ ला कमिशन मिळालेल्या माणसाची चाळीस वर्षांची नोकरी एका जूनमध्ये आणि एका ऑगस्टमध्ये बसवून मोकळे. दरवर्षी हेच होतं म्हणून यंदा धागा काढलाय.

मी कामठीत वाढलो. पायदळाच्या गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर जवळ, एनसीसीची अकादमी जवळ, त्यामुळे वर्दी रोजच्या पाहण्यातली. पण आमच्याकडे सगळी पायदळाची माणसं. वैद्य होते रणगाडेवाले, नववी डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे. त्यांच्याबद्दल जे काही कळलं ते पुढे वाचून, फौजेतल्या लोकांना विचारून.

६५ चा सप्टेंबर घ्या. लेफ्टनंट कर्नल वैद्य डेक्कन हॉर्सचे कमांडंट. रेजिमेंटकडे शर्मन रणगाडे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला माल. समोर पंजाबातल्या खेमकरणकडून पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन, अमेरिकेनं दिलेले नवे पॅटन घेऊन. आपली चौथी माउंटन डिव्हिजन पहिल्या दिवसांत मार खाऊन मागे सरकलेली, तिच्यातल्या काही तुकड्यांची अवस्था चांगली नव्हती. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार गुळगुळीत होते. डिव्हिजननं असल उत्तर गावाच्या आसपास घोड्याच्या नालेसारखी फळी धरली. उसाची उभी पिकं, त्यात कालव्याचं पाणी सोडलेलं. पॅटनवाले जोरात आले आणि चिखलात शिरले. उसात लपलेले आपले रणगाडे आणि आरसीएल (धक्का न देणाऱ्या रणगाडाविरोधी) तोफांच्या जीप बाजूनं, जवळून मारत राहिल्या. आपल्या नोंदींत ९७ पाकिस्तानी रणगाडे गेल्याचा आकडा आहे. पकडलेले नंतर भिखीविंडला आणून ओळीनं उभे केले, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले.

याच लढाईतले अब्दुल हमीद सगळ्यांना माहीत आहेत आणि असायलाच हवेत. परमवीरचक्र आहे त्यांचं. पण त्याच मैदानात शर्मन घेऊन उभ्या राहिलेल्या रेजिमेंटचा कमांडंट अलिबागचा मराठी माणूस होता आणि त्याला तिथेच महावीरचक्र मिळालं, हे मी नागपुरात ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं.

ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घाला. कृपया ८४ चं राजकारण आणू नका, त्याला वेगळा धागा आहे.

---

तर्रीपोहे | सकाळी ८:०५

कामठीकर भाऊ, भारी लिहिलं. मी सीडीएसची, म्हणजे फौजेत अधिकारी व्हायच्या परीक्षेची, तयारी करून राहिलो, पण माझ्या नोट्समध्ये वैद्यांच्या नावापुढे फक्त साल लिहिलं आहे बाप्पा, चीफ कधीपासून कधीपर्यंत ते. एक सांगा, शर्मन एवढा जुना होता तर पॅटन फुटला कसा? समोरासमोर तर जमलं नसतं ना?

---

दफेदार_काका | सकाळी ९:२०

बाळा, समोरासमोर कशाला जायचं?

शर्मनची तोफ ७५-७६ मिलिमीटर, पॅटनची ९०. चिलखतात तर तुलनाच नाही. उघड्या मैदानात हजार-दीड हजार मीटरवर गाठ पडली असती तर शर्मन उभे जळाले असते. पण पॅटनची जाडी पुढून. बाजूनं तो पातळ, मागून आणखी पातळ. म्हणून रणगाडा लपवून ठेवायचा, नळी तेवढी बाहेर, आणि शत्रू बाजू दाखवेपर्यंत गप्प बसायचं. या गप्प बसण्यातच सगळी कसोटी आहे. समोरून पन्नास रणगाड्यांची धूळ दिसतेय, रेडिओवर आरडाओरडा चाललाय आणि गनरचं बोट शिवशिवतंय. एकानं घाई केली की सगळ्यांची जागा उघडी पडते. अशा वेळी कमांडंटचा आवाज रेडिओच्या नेटवर शांत असेल तर सवार, म्हणजे रणगाड्यातले जवान, शांत राहतात. सन्मानपत्रात लिहितात की गोळीबाराची पर्वा न करता एका तुकडीकडून दुसरीकडे जात राहिले. वाचायला साधं वाटतं. त्याचा अर्थ हा.

मी वेगळ्या रेजिमेंटचा, भरती ६९ ची. वैद्यसाहेब चीफ असताना एका सैनिक संमेलनात लांबून पाहिलं तेवढंच. काळी बेरेट घालणारा चीफ म्हणून आम्हा रणगाडेवाल्यांना कोण अभिमान!

---

वऱ्हाडी_मिरची | सकाळी १०:४७

रणगाड्यांतलं मला काही कळत नाही, पण डेक्कन हॉर्सचं नाव निघालं म्हणून आमच्या वऱ्हाडची एक गोष्ट सांगतो.

१८५३ च्या तहात निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, ते कशापोटी? हैदराबाद काँटिन्जंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटी. निजामाकडे त्या फौजेचा पगार थकला होता, म्हणून हा सगळा मुलूख तोडून दिला. आमच्या अचलपूरला, तेव्हाच्या एलिचपूरला, काँटिन्जंटची छावणी होती. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं वऱ्हाडचा कायमचा भाडेपट्टा करून घेतला, वर्षाला २५ लाख रुपये. आणि त्या काँटिन्जंटच्या रिसाल्यांचं, म्हणजे घोडदळाच्या तुकड्यांचं, काय झालं? त्यांतून विसावी डेक्कन हॉर्स आणि एकोणतिसावी लान्सर्स या रेजिमेंट निघाल्या. १९२१ साली दोन्ही एकत्र करून नववी डेक्कन हॉर्स केली. वैद्य जिच्यात दाखल झाले तीच ही.

म्हणजे अकोला-अमरावतीच्या कास्तकारानं कापूस पिकवून जो सारा भरला, त्याच्यावर पोसलेला हा रिसाला. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूडपाशी हेच लोक भाले घेऊन घोड्यावरून मशीनगनवर गेले होते. त्यानंतर पन्नास वर्षांच्या आत तीच रेजिमेंट उसात शर्मन लपवून पॅटनची वाट पाहत होती. आमच्या शाळेत प्लासीची लढाई तीनदा शिकवली, पण हे कोणी नाही सांगितलं.

---

कामठीकर | सकाळी ११:०२

मिरची, हे कमाल आहे. वऱ्हाडचा तह माहीत होता, डेक्कन हॉर्सही माहीत होती, पण दोन्ही एका धाग्यात पहिल्यांदा पाहिलं. तुमच्या प्रतिसादाची लिंक कामठीच्या माजी सैनिकांच्या गटात टाकतोय.

---

महालातला | सकाळी ११:३८

सगळं ठीक. पण श्रद्धांजलीत अर्धंच सांगायचं नसतं. १९८३ ला जनरल कृष्णराव निवृत्त झाले तेव्हा उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ होते. इंदिरा गांधींच्या सरकारनं त्यांना डावलून वैद्यांना प्रमुख केलं. सिन्हांनी राजीनामा दिला. त्यावर वर्तमानपत्रांत किती रणकंदन झालं ते मला आठवतं. तेव्हा "आपला मराठी माणूस" म्हणून ज्यांनी पेढे वाटले, त्यांनी सिन्हांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

---

कामठीकर | दुपारी १२:१०

महालातले काका, मुद्दा खरा आहे आणि इथं यायलाच हवा होता. सिन्हांवर अन्याय झाला असं माझंही मत आहे. पण तो निर्णय साउथ ब्लॉकचा, म्हणजे दिल्लीतल्या सरकारचा. ज्याला निवडलं त्यानं काय करायचं होतं, नकार द्यायचा? दोन युद्धांत दोन महावीरचक्रं घेतलेला माणूस त्या पदाला नालायक होता असं सिन्हांची बाजू घेणारेही म्हणत नव्हते. वाद ज्येष्ठतेचा होता, वकुबाचा नव्हता.

आणि मराठी माणसाचंच म्हणाल तर ७४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बेवूर यांना मुदतवाढ मिळाली म्हणून लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्र सिंग भगत प्रमुख न होता निवृत्त झाले. दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉस विजेते भगत! तेव्हाही आपण बेवूरांचंच कौतुक केलं असणार.

---

मेंटेनन्स_कमांड | दुपारी १:२५

वायुसेना नगरातून हजेरी. दोन महावीरचक्रांवरून सांगतो : आजवर दोनदा महावीरचक्र मिळालेले फक्त सहा आहेत. स्थलसेनेचे चौघे : राजिंदर सिंग "स्पॅरो", चेवांग रिंचेन, संत सिंग आणि वैद्य. आमचे दोघे : जगमोहन नाथ आणि पद्मनाभ गौतम. नाथ ६२ च्या आधीपासून कॅनबेरा विमान घेऊन तिबेटवरून फोटो काढून आणत होते. आमच्याकडे नव्या पोरांना ही सहा नावं पाठ करायला लावतो.

---

तर्रीपोहे | दुपारी १:४०

नोट्समध्ये टाकलं सर. काका, ते दुसरं महावीरचक्र ७१ चं ना? सुरुंगांचं काहीतरी होतं म्हणतात. जरा इस्कटून सांगा ना.

---

दफेदार_काका | दुपारी ३:५५

जेवून लवंडलो होतो, म्हणून उशीर.

७१ ला ते ब्रिगेडियर होते. १६ वी इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेड त्यांच्याकडे. जागा शकरगढचा फुगवटा, म्हणजे जम्मूच्या खाली आपल्याकडे घुसलेला पाकिस्तानचा भाग. पुढे ५४ वी इन्फंट्री डिव्हिजन, जनरल पिंटोंची. ब्रिगेडमध्ये पूना हॉर्स, हॉडसन हॉर्स अशा रेजिमेंट, रणगाडे सेंच्युरियन. तिथे पाकिस्ताननं पट्टेच्या पट्टे सुरुंग पेरून ठेवले होते. आपल्याला पुढे सरकायचं तर प्रत्येक वेळी आधी त्यातून वाट काढायची.

लोकांना वाटतं सुरुंगावर गेला की रणगाडा उडाला. तसं बहुधा होत नाही. रणगाडाविरोधी सुरुंग ट्रॅक तोडतो, चाकं मोडतो. आतली माणसं पुष्कळदा वाचतात. पण रणगाडा जागेवर उभा राहतो. एवढं मोठं धूड, हलत नाही, आणि समोरच्याला त्या जागेचं अंतर आधीच मोजून ठेवलेलं. शिवाय वाट एकाच रणगाड्याच्या रुंदीची असेल तर मागचे सगळे अडकले. पाचरीसारखं होतं ते. म्हणून इंजिनियर लोक रात्री ट्रॉल लावलेले रणगाडे पुढे घालतात, म्हणजे पुढे जड रोलर, तो सुरुंगावरून फिरून तो आधीच फोडतो. मग कडेला खुणा लावतात. ड्रायव्हरला भोकातून जेमतेम दोन खुणा दिसतात. त्यात डिसेंबर, पंजाबातलं धुकं आणि वरून तोफखाना.

अशा वेळी पहिला रणगाडा वाटेत शिरायला कचरतो. भित्रा म्हणून नव्हे. समोर नक्की किती साफ झालंय हे कोणालाच ठाऊक नसतं. चक्रा आणि देहलराच्या लढाईत वैद्यसाहेब स्वतः पुढे राहिले, जिवाची पर्वा केली नाही आणि ब्रिगेड पलीकडे नेली, म्हणून महावीरचक्राचा बार, म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा. ब्रिगेडियर नकाशापाशी बसला असता तरी कोणी नावं ठेवली नसती, त्याची जागाच ती. पण ब्रिगेड कमांडरचा आवाज मागून येत नाही, पुढून येतोय, हे कळल्यावर स्क्वाड्रन थांबत नाही. मी दुसऱ्या सेक्टरला होतो, तरी आमच्या नेटवर शकरगढच्या बातम्या येत होत्या.

मग १५-१६ डिसेंबरच्या रात्री बसंतर. पूना हॉर्सचे कमांडंट हणूतसिंग. वाट पुरती साफ झालेली नसताना त्यांनी रणगाडे घातले, कारण पलीकडे पोचलेलं पायदळ सकाळी एकटं सापडलं असतं. १६ ला अरुण खेत्रपाल गेला. एकवीस वर्षांचा पोरगा, परमवीरचक्र. खेत्रपालचं नाव आज प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आहे. त्याचा ब्रिगेड कमांडर कोण होता ते विचारून पाहा.

---

धंतोलीची_आजी | संध्याकाळी ५:१५

मी ८६ ला पुण्यात नोकरीला होते, कॅम्पात राहायची. त्या रविवारी दुपारी आमच्या वाड्यात बातमी आली तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. लष्करप्रमुख राहिलेला माणूस भाजी घेऊन स्वतः गाडी चालवत घरी जातो, यात आम्हाला तेव्हा काही विशेष वाटायचं नाही. निवृत्त जनरल पुण्यात पैशाला पासरी. बेकरीच्या रांगेत पुढे कोण उभं आहे ते घरी गेल्यावर कळायचं. त्या दिवसानंतर ते बंद झालं. बंगल्यांच्या फाटकाशी पहारे आले.

आणि कोणी पत्नीबद्दल लिहीत नाही. त्या शेजारी बसल्या होत्या, त्यांनाही गोळ्या लागल्या. त्या वाचल्या. पुढची वर्षं त्यांनी काढलीच ना? दोघा मारेकऱ्यांना ९ ऑक्टोबर १९९२ ला येरवड्यात फाशी झाली, तोवर सहा वर्षं खटला, अपिलं, वर्तमानपत्रांतले फोटो. हुतात्मा म्हणून नाव एकाचं लागतं. बाकीचं घर त्या नावाबरोबर राहतं.

---

संपादक | संध्याकाळी ५:५०

आजींच्या प्रतिसादाखालचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. एका समाजाला सरसकट शिव्या देण्यासाठी हे व्यासपीठ नाही. पुन्हा झालं तर सदस्यत्व जाईल.

---

सदरचा_सरदार | संध्याकाळी ७:३०

उडवलेले प्रतिसाद मी वाचले होते. एरवी गप्प बसलो असतो. तिसऱ्या पिढीचा नागपूरकर आहे, शाळा मराठी, म्हणून मराठीतच लिहितो.

माझे वडील फौजेत होते, रणगाड्यांतच. ७१ लढले. आमच्या घरी ८४ नंतर वैद्यांचं नाव निघालं की वडील उठून अंगणात जायचे. शिवी कधी दिली नाही, कौतुकही कधी केलं नाही. दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, आवारात रणगाडे गेले, हे त्यांच्यासारख्या रणगाडेवाल्याला काय वाटलं असेल याचा विचार करा. त्या जूनमध्ये रामगढच्या शीख सेंटरमध्ये जवानांनी बंड केलं, त्यात ब्रिगेडियर पुरी मारले गेले. वडिलांना त्याचीही लाज वाटायची आणि दुःखही वाटायचं, एकदमच. ८६ ला पुण्याची बातमी आली तेव्हा त्यांनी रेडिओ बंद केला आणि आईला एवढंच म्हणाले की निवृत्त फौजी होता, निहत्था होता. मारणाऱ्यांचे फोटो काही ठिकाणी आजही लावतात. वडिलांना ते कधी पटलं नाही, मलाही पटत नाही.

कामठीकर, तुम्ही म्हणता ८४ आणू नका. मला तुमचा हेतू कळतो. पण आमच्यासाठी ते वगळून हा माणूस पुरा होत नाही. असल उत्तरचे वैद्य आणि जून ८४ चे वैद्य एकच होते. हुकूम सरकारचा होता हे वडीलही मान्य करायचे. तरी प्रमुख म्हणून नाव त्यांचं लागणारच.

---

कामठीकर | रात्री ८:१४

पाजी, तुम्ही लिहिलंत म्हणून धाग्याला वजन आलं. माझा आग्रह एवढाच होता की जून ८४ ने बाकी सगळं पुसू नये. ते बाजूला काढता येत नाही हे तुमचं म्हणणं मान्य. तरी एक विचारतो : प्रमुख म्हणूनच मोजायचं तर त्याच ८४ च्या १३ एप्रिलला, बैसाखीच्या दिवशी, आपल्या तुकड्या हेलिकॉप्टरनं 'बिलाफोंड ला' या खिंडीवर उतरल्या आणि सियाचीन आपल्याकडे राहिलं. दोन महिन्यांच्या अंतरानं हे दोन निर्णय, एकाच प्रमुखाच्या काळात. पहिला क्वचित कोणाला आठवतो.

---

सदरचा_सरदार | रात्री ८:४०

बरोबर. आणि सियाचीनवर शीख पोरंही गेली, हेही त्यात जोडा. ८७ मध्ये तिथली चौकी घेणारे बाणासिंग जम्मूचे सरदारजीच.

---

दफेदार_काका | रात्री ९:०५

पाजी, तुमच्या वडिलांची रेजिमेंट कोणती ते मला व्यनि (खासगी निरोप) करा. सेंच्युरियन असेल तर आमच्या ओळखीतले निघतील. एकदा कामठीला या, चहा माझ्याकडे.

---

महालातला | रात्री ९:३२

कामठीकर, सिन्हांचं मी मागे घेत नाही, पण धागा चांगला झालाय. नुसता "विनम्र अभिवादन"वाला फोटो मी पण सकाळी पुढे ढकलला होता म्हणा.

---

तर्रीपोहे | रात्री ९:५०

एक शेवटचं विचारतो. हे शर्मन, पॅटन, सेंच्युरियन कुठे पाहायला मिळतात का? असल उत्तरपर्यंत जायला सध्या सुट्टी नाही न पैसे नाही.

---

दफेदार_काका | रात्री १०:०२

त्याला पंजाबात जायची गरजच नाही. अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ चं. आर्मर्ड कोअरचं सेंटर तिथेच. नागपूरहून पुण्याला जाणारी मनमाड मार्गाची गाडी पकड, वाटेत नगरला उतर. शर्मन, पॅटन, सेंच्युरियन, विजयंत सगळे अंगणात उभे आहेत, हात लावून बघता येतात. शर्मनजवळ गेलास की आधी पुढून नको बघू. बाजूला जा, चिलखताची जाडी बघ, मग तसाच पॅटनपाशी जा. तुझ्या सकाळच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल. उन्हाचा जाऊ नको, लोखंड भाजतं. आणि ओळखपत्र बरोबर ठेव.

---

तर्रीपोहे | रात्री १०:०६

दिवाळीच्या सुट्टीत जातोच काका. फोटो इथे टाकतो.